पुढे पाठविणाराही बोलणाराच

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने भिक्षेसाठी फिरणाऱ्या ५ भटक्यांना ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. एक संदेश एका वेळी ५ ठिकाणीच पाठविता येईल, असे बंधन कंपनीने त्याच महिन्यात भारतापुरते जाहीर केले. यंत्राला बंधन पडले, मनाचे काय?

आपला शिकलेला मुलगा म्हणतो, "मी लिहिले नाही, फक्त पुढे पाठविले." त्याला विचारा, विष कालवणारा दोषी, तर न तपासता ते पानात वाढणारा निर्दोष कसा? अशा खोट्याचे बळी बहुधा गरीब, परके, गावकुसाबाहेरचे असतात. हे आपण पिढ्यान् पिढ्या भोगले आहे. म्हणून त्याला शिकवा : खोटे न बोलण्याचे शील जिभेइतकेच बोटांनाही लागू आहे.