फिलिप्प रथात चढून बसला

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 8:26-39

या उताऱ्यावरून आम्ही बहुधा बाप्तिस्म्याविषयी बोलतो. आज त्यातील एका लहान गोष्टीकडे लक्ष द्यावे. फिलिप्प त्या कूशी अधिकाऱ्याशी रस्त्यावर उभा राहून बोलत राहिला नाही. त्याच्या विनंतीवरून रथात चढून त्याच्या शेजारी बसला.

आफ्रिकेची ओळख आम्ही आपल्या मुलांस अशी शेजारी बसवून करून देतो काय? गेल्या महिन्यात फोंडाघाट येथे शब्बाथ शाळेत आम्ही आफ्रिकी मुलांचे चित्र दाखविले. एक मुलगी हसली, आणि तिच्यामागून सर्व वर्ग हसला. दोष तिचा नव्हता. आफ्रिका म्हणजे सिंह, उपासमार आणि दानपेटी, एवढेच आम्ही आजवर शिकविले होते. (आमच्या घरांत सून पाहताना रंग कसा पाहतात, हे येथे लिहावयास नको.)

पुढल्या रविवारी आम्ही वर्गात खवणी नेली. केनिया देशात मोंबासाच्या किनाऱ्यावरही नारळ असाच खवतात: बसावयास लाकडी बैठक, पुढे दातेरी पाते. तेथील स्वाहिली भाषेत तिला ‘म्बूझी’, म्हणजे शेळी, म्हणतात. नारळाच्या दुधात ते लोक भात शिजवितात. चपातीला चपातीच म्हणतात, दुकानाला ‘दुका’ आणि बंदराला ‘बंदारी’. ख्रिस्ती लोक भेटले की एक जण प्रभु येशूची स्तुती असो असे म्हणतो, दुसरा ‘आमेन’ म्हणतो. मुले पुन्हा हसली, पण या वेळी त्या शेळीला.

मग नाशिकची हकीकत सांगितली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेली पुष्कळ आफ्रिकी मुले मुंबईस उतरविली जात. त्यांपैकी कित्येक नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रयाखाली वाढली, सुतारकाम व लोहारकाम शिकली, प्रभूस ओळखू लागली. त्यांतलाच याकोब वेनराइट. 1873 साली आफ्रिकेच्या अंतर्भागात लिविंग्स्टन साहेब वारले, तेव्हा अंत्यविधीची उपासना त्याने वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर त्यांचे नाव कोरले. मग चुमा, सुसी, याकोब व त्यांचे सोबती तो देह वाहून महिनोन्‌महिने चालले व समुद्रकिनाऱ्यास पोहोचले.

शरणपूरची दुसरी कित्येक माणसे 1875 च्या सुमारास मोंबासाजवळ फ्रेअर टाउन या सुटलेल्या गुलामांच्या वस्तीत गेली. तेथील घंटेवरून त्या जागेस आजही ‘केंगेलेनी’, म्हणजे घंटेपाशी, असे म्हणतात. नाशिकास शिकलेले विल्यम जोन्स व इश्माएल सेम्लर यांस 1885 साली बिशप हॅनिंग्टन यांनी डीकनपदाची दीक्षा दिली. ज्या मंडळीचे पाळक आमच्या गोदातीरी वाढले, ती मंडळी आम्हांस परकी कशी? तथापि आम्ही त्यांस धर्म दिला म्हणून फुगू नये. फिलिप्प येण्यापूर्वीच तो कूशी मनुष्य यशया वाचीत होता.

वर्ग सुटण्याच्या वेळी, पहिल्या दिवशी हसलेल्या त्या मुलीने विचारले, “पाळकसाहेब, त्या मुलांच्या आया त्यांस पुन्हा भेटल्या काय?” ओसरीवर कोणी बोलेना. शेवटची प्रार्थना आम्ही करणार होतो. ती आम्ही तिला करावयास सांगितली. तिने त्या आयांसाठी प्रार्थना केली.