कायकाचे माप



संगणकाच्या व्यवसायातील तरुण मठात येतात, तेव्हा पुष्कळदा एकच प्रश्न विचारतात. "स्वामीजी, आपल्या धर्माने कायकालाच कैलास मानले आहे. मग आम्ही दिवसाचे चौदा तास काम करतो, हे धर्माचरणच नव्हे काय?" प्रश्न वरवर बरोबर वाटतो. पण त्यात कायक या शब्दाचा अर्थ अर्धाच घेतलेला आहे.

बाराव्या शतकात कल्याण नगरीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे, आयदक्की मारय्या आणि त्यांची धर्मपत्नी लक्कम्मा हे शरण दांपत्य राहत होते. सांडलेले तांदूळ वेचणे हे मारय्यांचे कायक. त्यावर नित्य जंगम दासोह चाले. एके दिवशी मारय्यांनी रोजच्यापेक्षा अधिक तांदूळ आणले. दुसरी एखादी गृहिणी आनंदली असती. लक्कम्मांनी मात्र ते जास्तीचे तांदूळ जेथून आणले तेथेच परत टाकून येण्यास सांगितले.

येथे थोडे थांबून विचार करा. मारय्यांनी चोरी केली नव्हती. कष्टच केले होते, आणि तेही दासोहासाठी. मग दोष कोठे? दोष मापात होता. गरज संपते तेथे कायक संपते आणि आशा सुरू होते. दोन्हींत राबणारे हात तेच असतात, म्हणून फरक चटकन ध्यानात येत नाही. लक्कम्मांच्या तो ध्यानात आला.

काही जण नुलिय चंदय्यांचा दाखला देतात. गवत कापताना इष्टलिंग पाण्यात पडले, तरी त्यांनी कायक थांबवले नाही, अशी कथा आहे. खरे आहे. परंतु ते दोर वळीत, विकीत आणि त्या पैशातून जंगमांची सेवा करीत. घरच्या माणसांशी दोन शब्द बोलण्यासही ज्याला सवड नाही, त्याने चंदय्यांचे नाव घेऊन स्वतःचे समाधान करून घेऊ नये.

या व्यवसायाची अडचण आम्ही जाणतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे ९ वाजतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, आणि थंडीत साडेदहा वाजलेले असतात. तिकडची बैठक म्हणजे इकडची झोपमोड. या देहालाही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के अधिक असतो. ज्या देहावर इष्टलिंग धारण केले, तो देह असा झिजवणे ही भक्ती नव्हे.

"मग काम कसे उरकावे?" असे विचाराल. इष्टलिंग पूजेत दृष्टी करतलावरील लिंगावर स्थिर ठेवण्यास आपण शिकतो. तीच एकाग्रता कामाला लावा. सकाळचे दोन-तीन तास फोन दूर ठेवून कठीण काम हातावेगळे करा. रात्री जागून घाईने लिहिलेल्या आज्ञावलीत चूक राहते आणि दुसरा दिवस ती शोधण्यात जातो. हे सत्यशुद्ध कायक कसे म्हणावे? रात्रीची बैठक टळत नसेल, तर सहकाऱ्यांशी आळीपाळी ठरवा, आणि दुसऱ्या सकाळी तेवढा वेळ विश्रांतीला मागून घ्या.

नोकरी जाण्याचे भय आहे, घराच्या कर्जाचे हप्ते आहेत. प्रत्येकाला नाही म्हणता येत नाही. म्हणून अधिक जबाबदारी वरिष्ठांची. हाताखालच्या माणसाला अपरात्री फोन करण्यापूर्वी, हे काम सकाळी चालणार नाही काय, एवढे स्वतःला विचारा. बसवण्णांनी धर्माचे मूळ दयेत पाहिले. ती दया कचेरीच्या दाराबाहेर ठेवायची नसते.

मातापित्यांनाही एक सांगणे आहे. मुलाचा पगार चारचौघांत अभिमानाने सांगता, तसा तो वेळेवर जेवतो काय, नीट झोपतो काय, हेही त्याला विचारत जा. सून वा लेक नोकरी करत असेल तर तिलाही विचारा. तिला तर घरी आल्यावर दुसरे कायक वाट पाहत असते. घरात कोणीतरी लक्कम्मा व्हावे लागते. "पुरे, आता थांब" असे प्रेमाने सांगणारा आवाज ज्या घरात आहे, ते घर भाग्याचे.

आपल्या कायकाला माप लाभो, आणि त्या मापात आपणांस समाधान लाभो, हा शुभाशीर्वाद.