मागून आणलेली घोडी

शास्त्रभाग : निर्गम २२:१४, १५; २ राजे ६:१–७; लूक १०:३०–३५.



निर्गमाच्या पुस्तकांत दहा आज्ञांच्या मागोमाग बैल, गाढव, शेत, खळें व शेजारी यांविषयींचे नियम आले आहेत. पुष्कळ वाचक हा भाग घाईनें उलटून टाकितात. कारण सीनाय पर्वतावरचा गडगडाट ऐकल्यावर शेजाऱ्याच्या गाढवाची गोष्ट त्यांस क्षुल्लक वाटते. परंतु देवास ती क्षुल्लक वाटली नाहीं. ज्यानें चोरीची मनाई केली, त्यानेंच मागून आणलेलें जनावर जायबंदी झालें तर काय करावें हेंही सांगून ठेविलें आहे. आपण दुसऱ्याच्या घोड्यावर बसलों आणि त्या घोड्याच्या पायास इजा झाली, तर डॉक्टरांचा खर्च कोणीं द्यावा? हा प्रश्न पंचांपुढें येण्याआधीं देवापुढें गेलेला आहे.

नियम थोडक्यांत असा आहे. एखाद्यानें शेजाऱ्याचें जनावर मागून आणिलें, धनी सोबत नव्हता, आणि तें जनावर दुखावलें किंवा मेलें, तर आणणाऱ्यानें त्याची भरपाई केलीच पाहिजे. धनी सोबत असेल तर भरपाई नाहीं. आणि जनावर भाड्यानें आणलेलें असेल तर नुकसान भाड्यांतच आलें असें समजावें. या भेदाचें कारण उघड आहे. धनी सोबत असला म्हणजे जनावराची अवस्था त्याच्या डोळ्यांपुढें असते, आणि ‘आतां थांबा’ असें तो म्हणूं शकतो. भाडें घेणाऱ्यानें धोक्याचा मोबदला आधींच घेतलेला असतो. परंतु फुकट मागून नेलेल्या वस्तूच्या व्यवहारांत सगळा लाभ नेणाऱ्याचा व सगळा धोका धन्याचा असतो. म्हणून ज्याचा लाभ त्याच्याच माथीं देव तो धोका ठेवितो.

आपल्या मनाची रीत मात्र उलटी आहे. भाड्याच्या वस्तूस आपण जपतों, कारण हिशेब होणार हें ठाऊक असतें. स्नेहानें मिळालेल्या वस्तूविषयीं मात्र ‘तो आपलाच माणूस, तो काय म्हणणार?’ असें आपण म्हणतों. स्नेहाला आपण सूट समजतों. शास्त्र त्याला ऋण समजतें.

आपल्या देशाचा कायदाही याविषयीं मुका नाहीं. १८७२ सालचा करारांचा कायदा आजही चालू आहे. त्याच्या १५१ व्या कलमाप्रमाणें, दुसऱ्याची वस्तू ताब्यांत घेणाऱ्यानें, सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूस जितका जपेल तितकें तिला जपलें पाहिजे. तितकें जपूनही नुकसान झालें व वेगळा ठराव नसला, तर कायदा त्यास जबाबदार धरीत नाहीं. परंतु ठरल्याबाहेर वस्तूचा उपयोग केला तर ही सवलत उरत नाहीं. हें १५४ व्या कलमांत सांगितलें आहे, आणि तेथें घोड्यांचींही उदाहरणें दिलीं आहेत. एकानें केवळ स्वतः बसण्यासाठीं घोडा मागून नेला व घरच्या दुसऱ्या माणसास त्यावर बसविलें. दुसऱ्यानें कलकत्त्यास काशीच्या प्रवासासाठीं घोडा भाड्यानें घेतला आणि तो कटकास गेला. दोन्ही स्वाऱ्यांत हयगय नव्हती. घोडा अपघातानेंच पडला. तरी भरपाई दोघांवरही आहे, कारण धन्यानें दिलेल्या परवानगीची हद्द त्यांनीं ओलांडली होती.

हें सर्व मी पुस्तकांत वाचण्यापूर्वीं एका घोडीपासून शिकलों, आणि तें सांगण्यास मला अजून लाज वाटते.

सुमारे वीस वर्षांपूर्वीं धर्मविद्यालयांतून बाहेर पडून मी घाटाजवळच्या खेड्यांत सेवेस लागलों होतों. हिवाळ्यांत एका वृद्ध धनगराचा वाडा आमच्या शिवारांत मेंढरें बसविण्यास आला होता. त्याची एक घोडी होती. वाड्याचें सगळें बिऱ्हाड तिच्या पाठीवरून हलत असे. एका शुक्रवारीं डोंगरापलीकडच्या वस्तीवर एक बहीण फार आजारी असल्याचें कळलें. मोटार जाईल असा रस्ता तिकडे नव्हता. मीं घोडी मागितली. म्हातारा म्हणाला, “न्या, मास्तर. पर वस्तीपतुरच जा, आन दिस मावळायच्या आत या.”

मी वस्तीवर गेलों, प्रार्थना केली. दिवस बराच शिल्लक होता, म्हणून ओढ्याच्या वाटेनें पुढच्या गांवीं एका मित्राकडे गेलों. परततांना घोडी पुढचा डावा पाय चोरूं लागली. मीं तें पाहिलें, आणि उतरलों नाहीं. अंधार पडल्यावर मीं तिला वाड्याजवळ बांधिलें, तेथल्या पोराला ‘घोडी बांधली रे’ एवढें सांगितलें आणि घरीं आलों. सांगावें असें मनांत आलें होतें. परंतु रात्रींतून बरी होईल, नाहीं तर उद्यां सांगूं, असें म्हणून मीं त्या मनाला गप्प केलें.

रविवारीं मीं दयाळू शोमरोन्यावर उपदेश केला. तो आपल्या जनावरावरून उतरला आणि त्यानें जखमी मनुष्यास त्यावर बसविलें, हें मीं मोठ्या आवेशानें वर्णिलें. मंडळी शांतपणें ऐकत होती. आणि माझ्यामुळें लंगडी झालेली घोडी तेथून हांकेच्या अंतरावर तीन पायांवर उभी होती.

सोमवारीं मी वाड्यावर गेलों. खुराच्या तळव्यांत बाभळीचा काटा मोडून आंत पू झाला होता. म्हाताऱ्यानें तालुक्याहून डॉक्टर आणविले होते. त्यांनीं खूर कोरून पू काढिला, जखम धुऊन बांधिली आणि धनुर्वाताची सुई दिली; कारण धनुर्वाताची बाधा घोड्यास इतर पाळीव जनावरांपेक्षां लवकर होते, आणि खुरांतली खोल जखम ही त्या रोगाची मोठी वाट आहे. मीं क्षमा मागितली. म्हातारा म्हणाला, “मास्तर, जनावराच्या पायांत काटा मोडायचाच, त्याचं मला काय न्हाई. पर तुमी त्याच राती बोलला असता, तर तिला तीन दिस कळा सोसाव्या लागल्या नसत्या.”

बंधूंनो, त्यानें माझ्यावर रागें भरावें अशी माझी इच्छा होती. तें सोसणें सोपें गेलें असतें. डॉक्टरांचा व औषधांचा खर्च, आणि घोडी उभी राहिली तितके दिवस बिऱ्हाड हलविण्यास घेतलेल्या जनावराचें भाडें, हें सर्व मीं दोन हप्त्यांत फेडिलें. त्यानें नोटा मोजून घेतल्या. ‘राहूं द्या’ असें तो म्हणाला नाहीं, आणि तेंच योग्य झालें. पावसाळ्यापूर्वीं वाडा देशावर निघून गेला. जातांना घोडी नीट चालत होती.

आतां अलीशाच्या शिष्याकडे पाहा. यार्देनेच्या कांठीं लांकूड तोडतांना त्याच्या कुऱ्हाडीचें लोखंड पाण्यांत पडलें. तो तत्काळ ओरडला, आणि त्याच्या ओरडण्यांत दुःख हें होतें कीं, ती कुऱ्हाड मागून आणलेली होती. संदेष्ट्यानें जागा विचारली. त्यानें जागा दाखविली. मग लोखंड वर आलें. आपण चमत्काराकडे पाहतों, परंतु त्याच्या आधीं काय घडलें हें विसरतों. त्या तरुणानें पाण्याकडे पाहून तोंड मिटलें असतें, तर लोखंड तळाशींच राहिलें असतें. नुकसानभरपाईचा पहिला हप्ता पैशाचा नसतो. तो खरें सांगण्याचा असतो. जो तो हप्ता चुकवितो, त्याची रक्कम रोज वाढत जाते. आणि तें व्याज एक मुकें जनावर आपल्या पायांत भरीत असतें.

धन्यासही दोन शब्द सांगणें अवश्य आहे. मारका बैल मारका आहे हें ठाऊक असूनही जो त्यास आवरीत नाहीं, त्यास निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायांत कडक दोष लाविला आहे. त्याच कायद्याचें १५० वें कलमही असेंच बोलतें : आपला घोडा खोडकर आहे हें माहीत असतां तें न सांगतां दुसऱ्यास दिला, आणि तो उधळून स्वार पडला, तर त्या स्वाराच्या इजेबद्दल देणारा जबाबदार आहे. म्हणून जनावर देतांना त्याची खोड, त्याचें जुनें दुखणें व त्याची शक्ति सांगून द्या. जुन्या रोगाचा खर्च नव्या स्वाराच्या माथीं मारणें हाही शेजाऱ्याचा अपहारच होय.

आपल्या मंडळ्यांत घोडीं थोडीं आहेत; परंतु पेरणीस मागून आणलेली बैलजोडी, सावडीचें औत, बाजारास नेलेली दुसऱ्याची मोटारसायकल हीं घरोघरीं आहेत. म्हणून हें ध्यानांत ठेवा. नेण्यापूर्वीं कोठवर जाणार, कोण बसणार व केव्हां परत आणणार हें स्पष्ट बोला, आणि बोललेल्या हद्दींत राहा. जनावर लंगडूं लागल्यास तेथेंच उतरा, पाय उचलून पाहा, आणि डॉक्टरांची गरज असल्यास खर्च कोणाचा हा वाद मिटण्याची वाट पाहूं नका. त्याच दिवशीं धन्यास कळवा. दुखणें जुनें कीं नवें याविषयीं मतभेद झाल्यास डॉक्टरांचें म्हणणें ऐका आणि मंडळींतल्या दोन वडिलांपुढें तें मिटवा. दोष संशयित असेल, तर मागून नेणाऱ्यानें आपला हात आधीं पुढें करावा.

शोमरोन्यानें तर दोष नसतांही हात पुढें केला. जखमा त्यानें केल्या नव्हत्या; तरी त्यानें तेल व द्राक्षारस ओतला, उतारशाळेंत दोन दीनार दिले, आणि अधिक खर्च होईल तो परत येऊन फेडीन असें सांगितलें. दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. दुसऱ्याच्या जखमेचा खर्च जो असा उचलतो, त्याला प्रभूनें आपणांपुढें कित्ता म्हणून ठेविलें आहे. मग स्वतः केलेल्या जखमेचा खर्च जो टाळतो, त्यानें कोणत्या तोंडानें हा दाखला सांगावा? आणि धन्याच्या दयेची अपेक्षा करीत घरीं बसणें म्हणजे त्याला शोमरोनी व्हावयास लावून आपण याजक व लेवी होणें होय.

प्रभु येशूनेंही शिंगरूं मागून आणविलें. परंतु मार्कानें लिहिलें आहे कीं, तें परत पाठविण्याचें वचन त्या निरोपांतच होतें. पौलानें अनेसिमाचें देणें आपल्या नांवावर मांडून घेतलें आणि फेडण्याचें वचन स्वतःच्या हातानें लिहून दिलें. आपलें न फिटणारें ऋण ख्रिस्तानें असेंच आपल्यावर घेतलें आहे. ज्याचें एवढें ऋण फिटलें, त्यानें शेजाऱ्याच्या घोडीचें औषध बुडवावें काय?

या आठवड्यांत आपल्या गोठ्यांत, अंगणांत व मनांत पाहा. दुसऱ्याचें कांहीं मोडलेलें, दुखावलेलें आपण गुपचूप बांधून आलों असूं, तर आजच जाऊन सांगूं. उद्यां त्याचा पाय अधिक सुजेल. प्रभु आपणांस सांगण्याचें धैर्य व फेडण्याची शक्ति देवो. आमेन.