'बोर्ड गेलाय' म्हणजे नक्की काय?

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात हमखास ऐकू येणारं निदान दोन शब्दांचं असतं : "बोर्ड गेलाय." माणूस गेला असं म्हणताना आपण वापरतो तेच क्रियापद. समोर उभ्या असलेल्या मुलाने घरी महिनोन्महिने हट्ट करून किंवा हप्त्यांवर ते मशीन घेतलेलं असतं. त्याला एवढंच कळतं, की आता काही हजारांचा खड्डा. हे वाक्य कुणी उच्चारावं, आणि किती तपासल्यावर, हा प्रश्न मला तांत्रिक कमी आणि नैतिक जास्त वाटतो.

मदरबोर्डची पंचाईत अशी, की तो एकटा तपासता येत नाही. रॅम दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघता येते. पॉवर सप्लायचं व्होल्टेज वेगळं मोजता येतं. ग्राफिक्स कार्ड मित्राकडे नेता येतं. बोर्ड मात्र या सगळ्यांना जोडणारा, त्यामुळे बाकीचे संशयित एकेक करून सुटले, की उरलेला आरोपी म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. कपॅसिटर फुगलेला दिसला किंवा जळकट वास आला तर गोष्ट वेगळी. 2000 नंतरच्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर असे फुगले होते. तिथे पुरावा डोळ्यांना दिसत होता. एरवी 'बोर्ड गेलाय' याचा अर्थ 'मी बाकी सगळं तपासलं' असा असतो. निदान असायला हवा.

बाकी सगळं तपासणं म्हणजे काय? बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा. (ज्या चंदेरी पिशवीतून तो येतो, तिच्यावर ठेवून चालू करू नये, तिच्यातून वीज वाहू शकते.) प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एकच काडी. 24 पिनांची मोठी केबल आणि प्रोसेसरची 8 पिनांची. ही दुसरी लावायला विसरणारे कमी नाहीत. मग पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडायच्या. इथे चालू झाला तर बोर्ड निर्दोष, आणि बहुधा कॅबिनेटमधला एखादा भलत्या जागी लावलेला पितळी खिळा त्याला मागून टेकत होता. मग एकेक वस्तू परत जोडत जायची. आपल्याकडच्या नैयायिकांनी याला अन्वय-व्यतिरेक म्हटलं असतं : हे असताना ते आहे का, हे नसताना ते नाही का. दोन्ही बाजू तपासल्याशिवाय कारण सांगायचं नाही.

गंमत म्हणजे, मशीन बंद असताना आपण ही शिस्त थोडीफार पाळतो. चालू झालं की सोडून देतो. रॅम काढली, पुसली, परत बसवली, स्क्रीन उजळली. निदान : "रॅम लूज होती." असेलही. पण त्या दहा मिनिटांत वायर काढलेली होती, साठलेली वीज उतरली होती, कुणीतरी ती गोल बॅटरी काढून बायोसच्या सेटिंगही पुसल्या होत्या. डीडीआर5 रॅम असेल तर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड ती ओळखून घेण्यात कित्येक मिनिटं घालवतो, आणि तोवर स्क्रीन काळीच राहते. अशा वेळी नुसतं थांबणं हीच दुरुस्ती असते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. या कामाचे पाचशे रुपये घेण्याला माझी हरकत नाही, हात आणि अनुभव फुकट नसतात. हरकत आहे ती न सापडलेल्या कारणाला नाव देण्याला. "काढून घातल्यावर चालू झालं, कारण कळलं नाही" असं सांगितलं, तर पंधरा दिवसांनी परत बंद पडल्यावर तो मुलगा रॅम विकत घ्यायला धावणार नाही.

त्यातही 'दोष कुणाचा' हा प्रश्नच काही वेळा चुकीचा निघतो. 2018 साली आलेला बी450 चिपसेटचा बोर्ड उत्तम, 2020च्या अखेरीस आलेला रायझन 5000 मालिकेतला प्रोसेसर उत्तम, आणि दोघं एकत्र लावले तर स्क्रीन काळी. बोर्डातला बायोस जुना, त्याला हा पाहुणा ओळखताच येत नाही. बायोस अपडेट करायला मशीन चालू हवं, आणि चालू व्हायला अपडेट हवं. अशा ग्राहकांना एएमडी जुना प्रोसेसर काही दिवसांसाठी उसना देत असे. दोघंही निर्दोष आणि तरी संसार बंद, हे आपल्याला घरात कळतं; दुकानात मात्र कुणीतरी 'गेलेला' लागतो.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचं प्रकरण याहून बोचरं. गेम बंद पडायचे आणि मेसेज यायचा, व्हिडिओ मेमरी अपुरी आहे. ज्यांनी तो वाचून ग्राफिक्स कार्डावर संशय घेतला, त्यांनी सरळच विचार केला होता. 2024च्या एप्रिलमध्ये कंपनीचा रोख बोर्ड बनवणाऱ्यांच्या सेटिंगकडे होता. जुलैमध्ये तिनेच मान्य केलं, की प्रोसेसरचा मायक्रोकोड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण जे प्रोसेसर आधीच खराब झाले होते, ते अपडेटने बरे होणार नव्हते.

सगळ्यात अवघड प्रकरण वाकलेल्या पिनचं. पूर्वी एएमडीच्या प्रोसेसरला खालून पिना असत. आता इंटेलसारख्याच त्याही बोर्डाच्या सॉकेटमध्ये आल्या : एलजीए1700 मध्ये 1700, एएम5 मध्ये 1718. केसासारख्या. त्यातली एक वाकली की वॉरंटी नाकारली जाते, 'फिजिकल डॅमेज'. ग्राहक म्हणतो मी नाही केलं, दुकानदार म्हणतो माझ्याकडून सील होतं, आणि दोघंही खरं बोलत असू शकतात. पुरावा कुणाकडेच नसला की भुर्दंड दुबळ्यावर पडतो. माझ्या मते बघण्याची संधी ज्याच्याकडे जास्त, जबाबदारी त्याची जास्त : विकणाऱ्याने काउंटरवरच प्लास्टिकचं झाकण उचलून, मोबाइलच्या उजेडात, ग्राहकासमोर सॉकेटचा फोटो काढावा. लॅमिंग्टन रोडवरच्या शनिवारच्या गर्दीत हे सांगणं सोपं नाही, मान्य. पण मिनिटाचं काम आहे.

आणि पिन खरोखर ग्राहकाकडूनच वाकली असेल, कारागिराने ती भिंगाखाली सुईने सरळ केली आणि मशीन सुरू झालं, तर? बरेच जण गप्प राहतात. पोराला कशाला ओशाळवायचं, म्हणून. हेतू चांगला. पण अशा पिनमुळे कधीकधी रॅमचं एकच चॅनल बंद राहतं, आणि ते दुसरी काडी लावेपर्यंत कळतही नाही. त्यामुळे रागावण्याची गरज नाही, बिलावर एक ओळ लिहावी : 'सॉकेटची पिन सरळ केली, रॅमचे चारही स्लॉट तपासले.' आणि चारही स्लॉट खरंच तपासावेत.