लढाई अजून किती दिवस चालंल?

मार्च २०२२. कंपनीचं काम अजून घरूनच चालू होतं, त्यामुळे मी नेकनूरला. टीव्हीवर कीव्हमधल्या पडक्या इमारती दिसत होत्या. अप्पांनी विचारलं, "ही लढाई अजून किती दिवस चालंल रे?"

मला वाटलं, माणसं मरतायत म्हणून विचारतायत. पण ते पुढे म्हणाले, "सोयाबीन इकावं का ठिवावं?"

मागच्या खोलीत चाळीस कट्टे पडून होते. युक्रेन-रशियातून येणारं सूर्यफूल तेल अडलं, सगळ्याच खाद्यतेलांचे भाव चढले आणि सोयाबीन क्विंटलला ७००० च्या वर गेलं. मी लॅपटॉपवर भावांचा आलेख बघून म्हणालो, "थांबा अप्पा, अजून वाढंल."

हे वाक्य मला नंतर टोचलं. भाव वाढायचा तर युद्ध चालू राहायला हवं होतं. मग मी नेमकी कशाची वाट बघत होतो?

त्याच महिन्यात, २ मार्चला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाविरोधातला ठराव १४१ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. भारतासह ३५ देश तटस्थ राहिले. पुढे रशियाचं कच्चं तेल सवलतीत मिळू लागलं. युद्धाआधी आपल्या आयातीत त्याचा वाटा अगदी किरकोळ होता, २०२३-२४ मध्ये तो एक तृतीयांशाच्या वर गेला. आपल्या लोकांना परवडेल ते तेल घेणं हे कर्तव्यच, असं सरकारचं म्हणणं. मला ते बऱ्यापैकी पटतं. डिझेल वाढलं की नांगरटीचा दर वाढतो, हे घरात पाहिलेल्या माणसाला याला सरसकट अनैतिक म्हणता येत नाही.

पण लोकांच्या नावावर घेतलेला फायदा लोकांपर्यंत यायला हवा. त्या खरिपात डीएपीची गोणी १३५० रुपयांत मिळाली, कारण सरकार गोणीमागे २५०१ रुपये अनुदान देत होतं. पंपावरचे दर मात्र जुलै २०२२ ते मार्च २०२४ जवळपास हललेच नाहीत. तेल महाग असताना कंपन्यांनी तोटा सोसला हे खरं, आणि स्वस्त झाल्यावरही दर तिथेच राहिले हेही खरं.

आमच्या सोयाबीनचं काय झालं? २४ मेला केंद्राने सोयाबीन आणि सूर्यफुलाचं प्रत्येकी २० लाख टन कच्चं तेल दरवर्षी शुल्काविना आणायला परवानगी दिली. शहरातल्या कढईला दिलासा मिळाला, आमच्या कट्ट्यांना फटका बसला. माझ्या सल्ल्याने थांबलेल्या अप्पांनी हजारभर रुपये कमी घेऊन माल विकला.

तेव्हापासून मी स्वतःला एक प्रश्न विचारतो. युद्धातून फायदा हाती येणं हा गुन्हा नाही, ते आपण लावलेलं नसतं. पण उद्या लढाई थांबली आणि आपला तोटा झाला, तर आपल्याला बरं वाटेल का? घर असो की देश, तटस्थ राहणाऱ्याने निदान एवढं तरी स्वतःला विचारावं. त्या मार्चमध्ये माझं उत्तर 'हो' नव्हतं.

अप्पांनाही विचारलं. ते हसले. "थांबायलाच पाहिजे की. लेकरं मरायलीत तिथं." मग जरा थांबून म्हणाले, "फकस्त आपला माल इकल्यावर थांबली आसती तर बरं झालं आसतं."

निदान त्यांनी दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हटली. मी पहिलं टीव्हीसमोर म्हणत होतो आणि दुसरं लॅपटॉपसमोर.