आत्मविश्वासाचीं पुस्तकें

चार माणसांत कसें उभें राहावें, हात कोठें ठेवावे, नजर कशी रोखावी, हें शिकविणाऱ्या पुस्तकांस हल्लीं मोठी मागणी आहे. मुलाखतीस निघालेला पदवीधर आणि सभेंत बोलावयास भिणारा कारकून यांच्या हातीं तीं हटकून दिसतात. विद्वान मंडळी त्यांस हंसतात. पण ज्या गरजेपोटीं माणूस अशा पुस्तकाकडे वळतो, ती गरज हंसण्याजोगी खास नाहीं. अंगीं गुण असतां केवळ संकोचापायीं मागें पडावें लागणें, हें दुःख खरें आहे. म्हणून या पुस्तकांचा विचार उपहासानें न करतां न्यायबुद्धीनें करणें बरें.

प्रथम त्यांच्या बाजूचें म्हणणें ऐकूं. बाह्य आचाराचा परिणाम अंतःकरणावर होतो, हें तत्त्व आपणांस परकें नाहीं. लहान मुलास आपण थोरांच्या पायां पडावयास लावितों, तेव्हां त्याच्या मनांत आदर आधींच उपजलेला असतो असें थोडेंच आहे? कृति आधीं घडते, भाव मागाहून येतो. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १८८४ सालीं, शरीरांतील फेरफारांची जाणीव म्हणजेच भावना, असें मत मांडलें. त्याचा रोखहि याच दिशेस होता. तेव्हां ताठ बसावें, शब्द स्पष्ट उच्चारावे, दुसऱ्याचें बोलणें पुरतें ऐकून घ्यावें, हा उपदेश कोणत्याहि पुस्तकांत आला तरी ग्राह्यच होय. आपल्या वडीलधाऱ्या माणसांनींहि तोच केला होता. त्याला किंमत मात्र पडत नव्हती.

हा साधा उपदेश शास्त्राचा वेष घेऊन येतो, तेव्हां सावध झालें पाहिजे. संभाषणाच्या परिणामांत शब्दांचा वाटा शेंकडा ७, आवाजाचा ३८ व मुद्रेचा ५५, असें विधान यांतील कित्येक पुस्तकांत आढळतें. हे आंकडे आल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांवरून निघाले. ते प्रयोग बोलणाऱ्याची आवडनावड ताडण्यापुरते होते, आणि सरसकट सर्व संभाषणास हें प्रमाण लावूं नये, असें खुद्द मेहरेबियन यांनींच बजाविलें आहे. नाहीं तर परभाषेंतील व्याख्यानहि आपणांस बव्हंशीं समजावयास हवें होतें!

दुसरें उदाहरण याहून बोधप्रद आहे. डेना कार्नी, एमी कडी व अँडी याप यांनीं २०१० सालीं ४२ माणसांवर प्रयोग करून असें प्रसिद्ध केलें कीं, दोन मिनिटें ऐसपैस, अधिकाराच्या थाटांत राहिल्यानें शरीरांतील रसायनेंहि बदलतात. कडी यांच्या २०१२ मधील व्याख्यानानें ही गोष्ट जगभर गेली. पुढें २०१५ सालीं इव्हा रानेहिल व त्यांचे सहकारी यांनीं २०० माणसांवर तोच प्रयोग केला. माणसांना आपण अधिक समर्थ आहों असें वाटलें खरें, परंतु रसायनांत बदल आढळला नाहीं. २०१६ सालीं कार्नी यांनीं, हा परिणाम खरा आहे असें आपणांस आतां वाटत नाहीं, असें जाहीर केलें. आपलें प्रसिद्ध झालेलें मत असें मागें घ्यावयास जें धैर्य लागतें, तें दोन मिनिटें कमरेवर हात ठेवून अंगीं येणारें नव्हे.

तथापि या चुकांहून गंभीर दोष निराळाच आहे. हीं पुस्तकें दुसऱ्याचें अंतरंग वाचावयास शिकवितात. नाकास बोट लावलें तर तो खोटें बोलतो. नजर चुकविली तर त्याच्या मनांत कांहीं काळेंबेरें आहे! चार्ल्स बाँड व बेला डिपॉलो यांनीं २००६ सालीं अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला; खरें-खोटें ओळखण्यांत माणसें सरासरीनें शेंकडा ५४ वेळां बरोबर ठरलीं. नाणें उडविलें तर ५० वेळां बरोबर येतें. आपल्याकडे वडिलांपुढें नजर खालीं ठेवणें ही मर्यादा समजतात. त्या संस्कारांत वाढलेला खेड्यांतील मुलगा मुलाखतीस आला आणि समोरच्या अधिकाऱ्यानें असलें पुस्तक वाचलेलें असलें, तर त्या मुलाच्या विनयाचाच त्याच्याविरुद्ध पुरावा होईल. हा अन्याय असा कीं, करणाऱ्यास तो शहाणपणा वाटतो.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत अर्जुनानेंहि, स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, असा प्रश्न केला आहे. श्रीकृष्णाच्या उत्तरांत बैठकीचें वर्णन नाहीं. वासना, सुखदुःख, राग व भय यांचा विचार आहे. अवयवांचा उल्लेख येतो तो कासवाच्या दृष्टांतांत, आणि तोहि इंद्रियें आवरण्याविषयीं.

संकोची माणसाचें दुखणें तरी काय असतें? त्याचें लक्ष क्षणभरहि स्वतःवरून हलत नाहीं. त्यालाच हात, डोळे, खांदे यांवर पहारा ठेवावयास सांगणें म्हणजे रोगच औषध म्हणून देणें होय. आपला विषय ज्याला नीट ठाऊक आहे आणि समोरच्या माणसाविषयीं ज्याला आस्था आहे, तो हात कोठें ठेवावे हें विसरून जातो. त्या विसरण्यालाच लोक आत्मविश्वास म्हणतात.

म्हणून हीं पुस्तकें वाचूं नयेत असें नाहीं. एकदां वाचावीं, त्यांतील शिष्टाचार तेवढा उचलावा, आणि मग आपलें काम हातीं घ्यावें. मात्र दुसऱ्याची पारख करावयास बसण्यापूर्वीं तीं मिटून ठेवावीं.