जुन्या भागांचे इंजिन

ज्या वस्तूतील निम्मेअधिक भाग दुसऱ्याच्या हातचे आहेत, ती वस्तू "मी केली" असे म्हणण्याचा अधिकार मला कितपत आहे? प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. जुन्या सुट्या भागांतून वाफेच्या इंजिनाच्या छोट्या प्रतिकृती जोडणाऱ्या हौशी कारागिरांविषयी वाचत असता तो माझ्यासमोर उभा राहिला, आणि मग काही केल्या मनातून जाईना. का जाईना, ते पुढे सांगतो.

वाफेचे इंजिन आपल्या मुलांना आता बहुधा चित्रातच पाहावयास मिळते. भारतात ब्रॉडगेजवरील नियमित वाफेची गाडी १९९५ साली थांबली. दार्जिलिंग व निलगिरी येथील डोंगरी गाड्या तेवढ्या ती आठवण राखून आहेत. परंतु प्रतिकृतीच्या रूपाने हे इंजिन अनेकांच्या घरी जिवंत आहे. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात मेजवानीच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी आपल्या तिकडच्या वाचकांना ठाऊक असेलच. ती राजाच्या ऐश्वर्याची वस्तू झाली. पुण्यास कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी जन्मभराच्या हौसेतून उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुले झाले, ती हातांच्या कष्टाची वस्तू. आपला विषय या दुसऱ्या जातीचा आहे.

या छंदाचे मोठे घर म्हणजे इंग्लंड. तेथे १८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक सुरू केले. १९२० नंतरच्या दशकात त्यात 'एल. बी. एस. सी.' या आद्याक्षरांनी लिहिणारे लॉरेन्स नावाचे गृहस्थ पुढे आले. रुळांमध्ये अवघे अडीच इंच अंतर असलेल्या छोट्या इंजिनात खरा कोळसा पेटवून ते जिवंत माणसाला ओढू शकते, हे त्यांनी स्वतः बांधून दाखविले. १९६७ साली त्यांचे निधन झाले. तोपर्यंत ते साध्या माणसाला समजेल अशा बोलीत, लेथवर काय करावे, कानस कोठे चालवावी, डाख कसा द्यावा, हे शिकवीत राहिले. त्यांचे वाचून किती कारकुनांनी व शिक्षकांनी घराच्या मागल्या खोलीत इंजिने बांधली, त्याची गणती नाही.

यातील काही लोक पितळेच्या कोऱ्या पत्र्यापासून आरंभ करतात. पुष्कळांना ते जमत नाही किंवा परवडत नाही. मग एका मोडक्या खेळण्याचा सांगाडा, दुसऱ्याची चाके, तिसऱ्याचे सिलिंडर असे जमवून, त्यांना छाटून, वाढवून, वाकवून एक नवे इंजिन उभे करतात. येथेच एक गोष्ट ध्यानात येते. यिर्मयाने कुंभाराच्या घरी जे पाहिले ते आपण रविवारच्या शाळेत शिकवितो: मडके बिघडले, कुंभाराने त्याच मातीचे दुसरे केले. ओल्या मातीला आपला पूर्वीचा आकार आठवत नाही. पितळेचे तसे नाही. जुन्या पत्र्यावर आधीच्या कारागिराने पाडलेली भोके असतात, त्याच्या कानशीचे ओरखडे असतात. नव्या कारागिराला त्या भोकांशी जमवून घ्यावे लागते. काही बुजवावी लागतात, काहींच्या आधारे आपली रचनाच बदलावी लागते. कुंभाराचा अधिकार देवाला शोभतो. आपणा माणसांच्या वाट्याला बहुधा या फिटराचेच काम आले आहे. आपल्या हाती जे येते ते कोणीतरी आधीच घडविलेले असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ग्रीक लोकांत थिसियसच्या जहाजाची जुनी गोष्ट आहे. कुजलेली एकेक फळी बदलत गेली. शेवटी जहाज तेच राहिले की निराळे झाले, यावर तत्त्वज्ञ वाद घालीत. रेल्वेच्या कारखान्यांत हा वाद रोजच्या व्यवहारानेच मिटला होता. दुरुस्तीस आलेल्या इंजिनाचा बॉयलर उतरवून ठेवीत आणि तयार असलेला दुसरा चढवीत. त्या दुसऱ्याने कदाचित पूर्वी भलत्याच इंजिनावर काम केलेले असे. १९२३ साली बांधलेले 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे जगप्रसिद्ध इंजिन २०१६ साली मोठ्या दुरुस्तीनंतर पुन्हा धावू लागले, तेव्हा त्यातील मूळचे भाग थोडेच उरले होते. तरी लोक त्याला त्याच नावाने ओळखतात, आणि त्यात कोणाची फसवणूक नाही. कारण काय बदलले याची नोंद आहे.

म्हणून मला वाटते, "ही वस्तू तीच आहे काय?" या प्रश्नापेक्षा "तिच्याविषयी आपण काय सांगतो?" हा प्रश्न नीतीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. याची दोन सुंदर उदाहरणे आहेत. इंग्लंडात 'ए-१' नावाच्या वर्गाची ४९ इंजिने १९४८-४९ साली बांधली गेली होती. ती सर्व भंगारात गेली, एकही उरले नाही. पुढे हौशी लोकांनी वर्गणी जमवून, मूळ आराखड्यांवरून एक नवे इंजिन बांधले. ते २००८ साली पुरे झाले. जुन्या इंजिनांचे क्रमांक ६०११४ पासून ६०१६२ पर्यंत होते. नव्याला यांतला एखादा गाजलेला क्रमांक देऊन जुने म्हणून मिरविता आले असते. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी त्याला पुढचा क्रमांक दिला: ६०१६३. "आम्ही त्या घराण्यातले आहोत, पण आम्ही ते नव्हे," एवढे सारे त्या एका आकड्यात आले.

दुसरे उदाहरण जुन्या भागांचे आहे. १९२४ साली ग्रेट वेस्टर्न रेल्वेने 'सेंट' वर्गातील एका इंजिनाला लहान चाके बसवून नवा नमुना तयार केला. त्यातून पुढे 'हॉल' वर्ग जन्मला. कालांतराने सेंट वर्ग समूळ नष्ट झाला. हॉल वर्गातील काही इंजिने मात्र वेल्समधील बॅरी येथील भंगारवाल्याच्या आवारात गंजत उभी राहिल्याने वाचली. त्या एका आवारातून सर्व जातींची मिळून २१३ इंजिने सोडविली गेली. त्यांपैकी एका हॉल इंजिनाला मोठी चाके देऊन डिडकोट येथील मंडळाने उलट प्रवास घडविला, आणि २०१९ साली सेंट वर्गाचे इंजिन पुन्हा रुळावर आले. क्रमांक येथेही जुना घेतला नाही. वर्गाच्या शेवटी २९९८ होता, म्हणून याला २९९९.

परंतु येथे एक बोचरा प्रश्न आहे आणि तो टाळता कामा नये. सेंट मिळविण्यासाठी एक हॉल गमवावे लागले. तेही कोणाच्या तरी आठवणीतले, कोणी तरी चालविलेले इंजिन होते. नवे उत्तम करण्यासाठी जुने मोडावे काय? मी यातून असा नियम काढतो: ज्याची भावंडे शिल्लक आहेत आणि जे पुन्हा पूर्ववत उभे राहण्याची आशा थोडी, त्याचे भाग घेऊन हरपलेले काही परत आणता येत असेल, तर ते योग्य म्हणता येईल. मात्र निर्णय एकट्याने घाईने घेऊ नये आणि काय मोडले ते लपवू नये. उलट, चालती, धडकी, एकुलती वस्तू केवळ आपल्या कल्पनेच्या समाधानासाठी फोडणे ही कारागिरी नव्हे. आपल्या मंडळ्यांतही नवा कार्यकर्ता आला की जुनी पद्धत, जुनी समिती, जुनी पेटी मोडावयास हात शिवशिवतात. त्याने आधी विचारावे: हे मोडकेच आहे काय, की फक्त माझे नाही म्हणून मला नको आहे?

कोणी म्हणेल, प्रतिकृती म्हणजे मुळातच खोटी वस्तू, तिच्यात सत्य-असत्य कसले? याचे उत्तरही कारागिरांनीच दिले आहे. इंग्लंडात फार प्रचलित असलेल्या छोट्या मापात खऱ्या १ फुटाला ४ मिलिमीटर धरतात. त्या हिशेबाने रुळांतील अंतर १८.८३ मिलिमीटर हवे. पण सर्रास १६.५ मिलिमीटरच ठेवतात. गाडी त्यामुळे किंचित अरुंद पायांवर उभी दिसते. काहींना ते खपत नाही, म्हणून ते अचूक मापाचे रूळ स्वतः घालतात. पण जो १६.५ वर समाधानी आहे तोही लबाड नव्हे. उणीव सर्वांना ठाऊक आहे, ती मान्य करून तो काम करतो. लबाड तो, जो जुन्या खेळण्याला नवे भाग व नवा रंग देऊन अस्सल जुने म्हणून विकतो. कबूल केलेली अपूर्णता आणि लपविलेली अपूर्णता यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

याहून गंभीर प्रसंग बॉयलरचा. जुन्या बाजारातून आणलेला छोटा तांब्याचा बॉयलर बाहेरून चकचकीत दिसेल, पण आतला सांधा कसा आहे हे रंगावरून कळत नाही. फुटला तर जीव जाऊ शकतो. येथे खेळणे संपते. म्हणून इंग्लंडातील मंडळांत असा शिरस्ता आहे की, नव्या बॉयलरात थंड पाणी काठोकाठ भरून, हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दुप्पट दाब द्यावयाचा. पुढे ठरावीक काळाने दीडपट दाबाने पुन्हा पाहावयाचे. पाणीच का? वाफ किंवा हवा दाबली असता तिच्यात शक्ती साठून राहते आणि सांधा सुटताच ती स्फोट करते. पाणी जवळजवळ दबतच नाही. सांधा सुटला तर पाणी ठिबकते, दाबाचा काटा खाली येतो, आणि कोणालाही इजा न होता दोष कळतो. रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी ही गोष्ट जरूर मनात ठेवावी. मुलाची परीक्षा पाहावयाची तर थंड पाण्याने पाहावी. रागाच्या आगीवर, चारचौघांत, जो दाब आपण देतो, त्यात मुलाचा दोष कळतो खरा, पण मूल फुटून कळतो.

आता शेवटचा प्रसंग. हा प्रश्न मला का सोडीना ते यात आहे. या छंदात असे वारंवार घडते की, एखादा कारागीर वर्षानुवर्षे खपून इंजिन अर्धे करतो आणि त्याचे आयुष्य संपते. घरचे लोक ते अर्धे इंजिन, आराखडे व सुट्या भागांचा डबा विकून टाकतात. दुसरा कोणी ते पुरे करतो. प्रदर्शनात त्याच्यापुढे चिठ्ठी ठेवावयाची, तीवर नाव कोणाचे लिहावे? प्रामाणिक मनुष्य लिहितो: सांगाडा व चाके अमक्यांची, बॉयलर व पुढील काम माझे.

काही वर्षांपूर्वी नाताळात आमच्या मुलांनी एक नाटिका केली. तिचा सांगाडा मला एका दिवंगत शिक्षकांच्या वहीत मिळाला होता. मी त्यातले प्रवेश बदलले, दोन पात्रे वाढविली, शेवट नवा लिहिला. उपासनेनंतर सर्वांनी माझे कौतुक केले. "छान लिहिलीत हो," असे एकाने म्हटले, आणि मी हसून आभार मानले. त्या शिक्षकांच्या पत्नी तिसऱ्या बाकावर होत्या. बाहेर पडताना त्या एवढेच म्हणाल्या, "मेंढपाळाचे ते बोलणे ऐकून यांची आठवण झाली." त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य अधिक टोचले. मी खोटे काही बोललो नव्हतो. फक्त चिठ्ठी लिहिली नव्हती. पुढल्या नाताळात ती नाटिका पुन्हा झाली, तेव्हा आरंभीच मी त्यांचे नाव सांगितले. त्याने माझे काम कमी झाले नाही. उलट लोकांनी विचारले की तुम्ही कोणता भाग केलात, आणि मला प्रथमच खरेपणाने आपले काम दाखविता आले.

आपल्यापाशी जे आहे त्यातले कोरे असे फार थोडे आहे. भाषा, गीते, मंदिराच्या भिंती, वर्गात येणारी मुलेदेखील, सर्व काही दुसऱ्यांनी अर्धे घडवून आपल्या हाती दिले आहे. आणि आपणही ते अर्धेच ठेवून जाणार आहो. तेव्हा आधीच्या कारागिराची भोके पाहून वैतागू नये, धडके असेल ते फोडू नये, संशयास्पद असेल ते थंड पाण्याने तपासावे, आणि चिठ्ठीवर खरे लिहावे. पुढे ज्याच्या हाती आपले अर्धे इंजिन जाईल, त्याने आपले नाव पुसू नये असे आपल्याला वाटते. मग आरंभ आपणच करावयास नको काय?